पुढचा ब्रेक

त्या रविवारी सकाळी साखर कारखान्याच्या रिकाम्या यार्डात सात मोटारसायकली होत्या, नारिंगी प्लास्टिकचे चाळीस शंकू, पाण्याचे दोन जार, एक लांब टेप, सावलीला लिंबाचं एकच झाड आणि त्याच्या बुंध्याशी झोपलेलं एक कुत्रं. माणसं नऊ. सात शिकणारे, एक शिकवणारी, आणि नववी माझी आई. ती झाडाखाली डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती आणि कुत्र्यापासून बरोबर हातभर अंतर राखून होती.

"सत्तावीस मीटर दहा," बागवान मॅडम टेप गुंडाळत म्हणाल्या. "मगदूम, अठराच्या आत थांबायचंय. तू तर पुढच्या स्टॉपला उतरवलंस टोणेला."

माझ्या मागे बसलेला टोणे हेल्मेट काढून म्हणाला, "मॅडम, माझं काही म्हणणं नाही. मला जिवंत उतरवलं, पुष्कळ झालं."

"तू गप. तुझं झालंय पास."

परीक्षेचा हा शेवटचा भाग होता. मागे माणूस बसवून ताशी पन्नासच्या वेगानं पहिल्या शंकूपर्यंत यायचं, तिथून ब्रेक लावायचे आणि अठरा मीटरच्या आत, रेघ न सोडता उभं राहायचं. संधी तीन. माझी एक गेली होती. दुसरी त्यानंतर दहा मिनिटांनी गेली, तेवीस मीटर चाळीसला.

मी तेव्हा भूजलावर काम करणाऱ्या एका संस्थेत नुकतीच लागले होते. भौतिकशास्त्राची बी.एस्सी. आणि गावोगावच्या विहिरींची पाणीपातळी मोजण्याचं काम, याहून चांगली नोकरी जगात असेल असं मला वाटत नव्हतं. हे काम जोडीनं करायचं असतं. एक गाडी, दोन माणसं, मध्ये यंत्रांची पेटी. संस्थेचा नियम सरळ होता : मागे सहकारी बसवून चालवायची असेल तर प्रगत चालकाचं प्रमाणपत्र हवं. ते नसेल त्यानं पुण्याच्या कार्यालयात बसून दुसऱ्यांनी मोजून आणलेले आकडे संगणकात भरायचे. पुण्यातली खुर्ची मला दाखवून झाली होती. तिच्यासमोर भिंत होती.

दिलशाद बागवान पोलीस खात्याच्या मोटार विभागातून निवृत्त झालेल्या. पंचावन्नच्या पुढच्या, मिरजेच्या, आवाज कारखान्याच्या भोंग्यासारखा. गळीत हंगाम संपला की उसाच्या गाड्यांचं हे काँक्रीटचं यार्ड मोकळं पडायचं, तेव्हा त्या तिथं तीन रविवारांचा वर्ग घ्यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी एका शब्दावर बंदी घातली. ब्रेक 'मारला' म्हणायचं नाही. जो म्हणेल त्यानं गाडी बंद करून, ढकलत, लिंबाच्या झाडाला फेरी मारून आणायची.

"मारायला तो काय चोर आहे?" त्या म्हणायच्या. "तोंडात मारणं असलं की हातातपण मारणंच येतं. मग चाक जाम होतं आणि तुम्ही जाता ऊस खायला. ब्रेक पिळायचा. लिंबू पिळता ना? आधी पकडायचं, मग पिळायचं, मग आणखी पिळायचं."

"मॅडम, मी लिंबू मशीनमध्ये पिळतो," टोणे म्हणाला होता. टोणे औषधांच्या कंपनीचा प्रतिनिधी. सगळ्यांत जास्त फेऱ्या त्यानंच मारल्या. झाडाखालचं कुत्रं त्याला ओळखायला लागलं होतं.

माझी अडचण उलटी होती. मी मारतही नव्हते आणि पिळतही नव्हते. माझी उजव्या हाताची बोटं पुढच्या ब्रेकवर जायचीच नाहीत. मी नुसता पाय दाबायची आणि गाडी घसटत घसटत लांब जाऊन थांबायची.

गंमत म्हणजे हे चूक आहे हे मला वर्गात सगळ्यांच्या आधी कळलं होतं. टोणेला मी काँक्रीटवर खडूनं आकृती काढून समजावलं होतं. गाडीचा वेग कमी होताना भार पुढं झुकतो, मागचं चाक हलकं होतं, त्याची पकड सुटते. म्हणून थांबवायचं खरं काम पुढचं चाक करतं. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. "आकृती एकदम बरोबर," त्या म्हणाल्या. "फक्त आकृतीला हात नाहीत, मगदूम. तुला आहेत."

दुसऱ्या रविवारी त्यांनी मला तासभर ताशी वीसच्या वेगानं नुसतं पिळायला लावलं. मग तीस, मग चाळीस. एकटी असताना माझी बोटं हळूहळू उघडली आणि मी पन्नासला सोळा मीटरवर थांबले. घरी जाताना हेल्मेटच्या आत मोठ्यानं गात गेले. पण तिसऱ्या रविवारी मागे टोणेचं वजन आलं, आणि बोटं पुन्हा मुठीत गेली.

कारण मला माहीत होतं. मी गाडी शिकले ती वडिलांच्या, अण्णांच्या गाडीवर, आणि अण्णांच्या गाडीला पुढचा ब्रेक नव्हता. म्हणजे लिव्हर होता, तार काढलेली होती. दाबला तरी तो मोडक्या बोटासारखा लुळा हलायचा. "पुढचा ब्रेक दागिन्यासारखा," अण्णा सांगायचे. "असावा. वापरू नये."

मी सातवीत असताना एका लग्नाहून येताना अण्णा आणि आई गाडीवरून पडले. अण्णांना खरचटलं. आईचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं, आत पट्टी बसवावी लागली. ती आजही भाकरी डाव्या हातानं थापते. "मी पुढचा ब्रेक मारला," अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "म्हणून ही पडली." मग एके दिवशी त्यांनी पान्हा घेऊन ती तार काढून टाकली. आई तेव्हापासून कुठल्याही दुचाकीवर बसली नाही. वडापच्या जीपमध्ये तेराव्या माणसाच्या मांडीला मांडी लावून जाईल, पण अण्णांच्या गाडीवर नाही. परीक्षेच्या दिवशीही ती वडापनंच आली होती.

"अर्धा तास," बागवान मॅडम म्हणाल्या. "जा, आईजवळ बस. पाणी पी. एक संधी आहे, ती घाईत घालवायची नाही. नाही झालं तर पुढच्या वर्षी ये, मी काय मरत नाही."

पुढच्या वर्षी मी भिंतीसमोर असणार होते. हे त्यांनाही माहीत होतं. म्हणून त्यांनी माझ्याकडे न बघता ते म्हटलं.

आईनं डबा उघडला. धपाटे, दही, शेंगाची चटणी.

"खा."

"भूक न्हाई."

"मी काय विचारलं न्हाई. खा."

मी एक तुकडा मोडला. यार्डात टोणे शंकू सरळ लावत होता.

"कशानं होईना झालंय?" आईनं विचारलं.

"हात जात न्हाई पुढच्या ब्रेकवर. एकटी असले की जातोय. मागं कोण बसलं की न्हाई."

"का?"

मी तिच्या मनगटाकडे बघितलं. बघायचं नव्हतं, पण बघितलं गेलं. आईनं माझी नजर पकडली आणि हात फिरवून स्वतःही एकदा त्या मनगटाकडे बघितलं, बाजारात भाजी उलटी करून बघावी तसं.

"ह्यापायी?"

"अण्णांनी पुढचा ब्रेक लावला म्हणूनच पडलीस की तू."

 दह्यावर माशी बसली ती आईनं हाकलली. मग म्हणाली, "त्यांनी न्हाई लावला."

"काय?"

"पुढचा ब्रेक. त्यांनी हातसुद्धा लावला न्हाई त्याला. मी मागं बसलेली. मला दिसत हुतं की."

"मग?"

"उसाची बैलगाडी आली पाणंदीतनं, एकदम आडवी. तुझ्या अण्णांनी उजवा हात असा वर केला." आईनं धपाटा धरलेला हात वर केला. "आणि वरडले, थांब, थांब! बैल थांबतोय व्हय? हात वर, आणि खाली पाय दाबलेला नुसता. मागचं चाक गेलं की सटकून. मी एका अंगाला बसलेली, साडी सावरत. पडले हातावर."

मी तुकडा तसाच धरून बसले होते. मी मनात आकृती काढत होते. उजवा हात वर. ब्रेकचा लिव्हर मोकळा. फक्त मागचं चाक, जाम, हलकं. सगळं जुळत होतं. अकरा वर्षं माझ्यासमोर चुकीची आकृती होती.

"पर अण्णा तर सांगतात..."

"लोकं जमली. कुणीतरी म्हणालं, पुढचा मारला असशील बाळगोंडा. त्यो म्हणतोय तर तसंच असंल, असं वाटलं त्यांना. पडलेल्या माणसाला काय आठवतंय?"

"आणि तू सांगितलं न्हाईस? अकरा वर्षं?"

"अगं, आठ दिवस झोपले न्हवते ते. दवाखान्यात माझ्या खाटेपाशी नुसते बसून. मग घरी आल्यावर ती तार काढली, आणि त्या रात्री घोरले. असे घोरले की गिरणी चालू हाय वाटावं." तिच्या तोंडावर हसू आलं. "आता घोरणाऱ्या माणसाला उठवून काय सांगायचं? न्हाई हो, तुम्ही मूर्खासारखा बैलाला हात दाखवला म्हणून?"

मलाही हसू आलं आणि डोळेही भरले, दोन्ही एकदम.

"मग तू गाडीवर का बसत न्हाईस? आम्हाला वाटतंय भ्यालीस."

"भ्यायचं काय?" आई खरोखर चकित झाली होती. "ज्या गाडीला पुढचा ब्रेकच न्हाई, तिच्यावर कोण शहाणा माणूस बसंल?"

तिनं डब्याचं झाकण लावलं, पिशवीत ठेवला, पदर खोचला. मग संस्थेच्या गाडीकडे, जिच्यावर मी परीक्षा देत होते, हनुवटीनं खूण केली.

"तिला हाय न्हवं पुढचा?"

"हाय."

"चालतोय?"

"चालतोय."

"मग ऊठ. मी बसते."

बागवान मॅडमनी आधी सरळ नाही म्हटलं. मग आईला नखशिखान्त बघितलं. "ताई, कधी बसला होता शेवटच्या?"

"अकरा वर्षं झाली."

"पडलात की उतरलात?"

"पडले."

"हात?"

"पट्टी हाय आत."

"एका अंगाला बसायचं नाही माझ्याकडे. दोन्हीकडे पाय टाकून. साडीवर कसं करणार?"

"तुमची दुसरी विजार असंल की गाडीत," आई म्हणाली.

 मॅडमचं ते भोंग्यासारखं हसणं सगळ्या यार्डात घुमलं आणि कुत्रं उठून बसलं. त्यांच्या डिकीत पावसाळी विजार होती. आईनं ती वजनकाट्याच्या खोलीत जाऊन घातली, वर साडीचा काचा मारला. गुडघ्याला पट्टे, कोपराला पट्टे, टोणेचं जाकीट, हेल्मेट. टोणे पट्टे आवळून देत म्हणाला, "मावशी, मागं बसून ओरडायचं नाही, मॅडम फेरी मारायला लावतात."

"मी वरडले तर बैल थांबत न्हाई बाबा, मला ठाऊक हाय."

मॅडमनी आम्हाला आधी विसाच्या वेगानं चार वेळा थांबायला लावलं, मग तीसला, मग चाळीसला. मध्ये दर वेळी आईजवळ जाऊन विचारायच्या, "मनगट?" "बरं हाय." "चक्कर?" "न्हाई." "पुढं करू?" "करा की." चाळीसच्या दुसऱ्या खेपेला मला कळलं की माझी बोटं लिव्हरवर आहेत. ती कधी गेली ते मला कळलं नव्हतं.

"आता मोजायचं," मॅडम म्हणाल्या आणि वेग मोजायचं यंत्र घेऊन रेघेच्या टोकाला गेल्या.

यार्डाच्या दुसऱ्या टोकाला मी गाडी वळवली. आईचे हात माझ्या कमरेवर होते. उजवा डाव्यापेक्षा जरा हलका.

"आई."

"काय?"

"घट्ट धर."

"तू तुझं बघ."

पहिला गिअर, दुसरा, तिसरा. शंकू समोर आले. पन्नास. पहिला शंकू गुडघ्याजवळून गेला आणि मी पकडलं, पिळलं, आणखी पिळलं. पुढचा भाग खाली बसला, आईचं वजन माझ्या पाठीवर आलं, आणि गाडी एखाद्या शहाण्या जनावरासारखी जागच्या जागी उभी राहिली. मी पाय टेकला. हेल्मेटच्या मागून आवाज आला, "झालं?"

मॅडमनी टेप दोनदा लावली. "सोळा मीटर पाच. वेग एक्कावन्न." मग माझ्याकडे न बघता आईला म्हणाल्या, "ताई, तुम्हाला पण देऊ का एक प्रमाणपत्र?"

"नको. त्या विजारीचं काय करायचं ते सांगा."

"न्या घरी. लागेल आता."

त्या एका वाक्यासाठी मी आजही दर वर्षी मिरजेला जाते, ईदला, एक किलो लिंबं घेऊन. त्या दर वर्षी लिंबू पिळायचा तोच विनोद करतात आणि मी दर वर्षी हसते.

घरी आम्ही गाडीवरच गेलो. अण्णा आमच्या पिठाच्या गिरणीच्या दारात उभे होते, भुवयांवर पीठ. आम्ही वळणावर दिसलो तशी त्यांनी आत हात घालून गिरणी बंद केली. पट्ट्याचा आवाज हळूहळू मंदावत गेला. आई उतरली, दोन्हीकडे पाय टाकून बसलेली, विजारीवर साडीचा काचा, डोक्यावर हेल्मेट. अण्णांनी आधी तिच्या मनगटाकडे बघितलं, मग माझ्या गाडीच्या लिव्हरकडे.

"पास झाले, अण्णा."

"पुढचा वापरलास?"

"व्हय."

"हिला मागं बसवून?"

मी मान हलवली.

"मग काय," आई हेल्मेटशी झटापट करत म्हणाली, "दागिना करून ठेवायचा व्हय?"

 आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवतात. जेवताना अण्णांनी मला तीन प्रश्न विचारले आणि तिन्ही ब्रेकचे होते. ताटावरून उठले ते सरळ गिरणीच्या मागच्या फळीकडे गेले आणि प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. तार होती. अकरा वर्षांची, पण एक ठिपका गंज नव्हता. बोटाला तेल लागलं.

"तेल कधी लावलंत?"

"दर खंडेनवमीला," अण्णा म्हणाले. "हत्यारं पुजतो तेव्हा. काढून ठेवली म्हणून काय टाकून देतोय?"

आम्ही दोघांनी मिळून ती बसवली. मी चाक काढून आतले लायनर पॉलिश पेपरनं घासले, अण्णांनी तार ओढून ताण जुळवला. लिव्हर आता लुळा नव्हता. अण्णांनी तो एकदा दाबला, सोडला, परत दाबला, जसा दुसऱ्याचा हात हातात घेऊन बघावा.

ऊन अजून होतं. कॅनॉलकडची डांबरी सरळ आणि मोकळी. मी गिरणीतून ओंजळभर पीठ नेऊन रस्त्यावर आडवी रेघ ओढली. संस्थेची दोन हेल्मेटं होती, एक अण्णांना दिलं. एकट्यानं विसाच्या वेगानं, तिसाच्या वेगानं मी त्यांच्याकडून तसंच करून घेतलं जसं मॅडमनी माझ्याकडून घेतलं होतं. "मारायचा न्हाई, अण्णा. पिळायचा." पहिल्यांदा गाडी जरा लचकली. मग लचकली नाही. ते परत आले तेव्हा घामानं पीठ कपाळावर ओघळलं होतं आणि ते हसत होते.

मी वळून बघितलं तर आई हेल्मेट घालून उभी होती. दुसरं. विजार तिनं काढलीच नव्हती.

"सरा जरा पुढं," ती अण्णांना म्हणाली.

अण्णा गाडी धरून तसेच बसून राहिले. "पद्मा, नको."

"सरा म्हणते न्हवं?"

ते सरले. आई दोन्हीकडे पाय टाकून बसली, डावा हात त्यांच्या कमरेवर ठेवला, उजवा खांद्यावर. मग जरा पुढं वाकली आणि त्यांच्या कानाशी, पण मला ऐकू जाईल एवढ्यानं, म्हणाली, "आणि ह्या वक्ताला हात वर करू नका."

अण्णांनी मागे वळून तिच्याकडे बघितलं.  इंजिन चालू होतं. कॅनॉलमध्ये कुणाच्या तरी म्हशी डुंबत होत्या. आईनं नजर वळवली नाही. शेवटी अण्णांनी खांद्यावरच्या तिच्या मनगटावर एक बोट ठेवलं, जिथं पट्टी होती तिथं, आणि पुढं बघितलं.

ते लांब गेले, वळले, आणि येऊ लागले. मी रेघेजवळ उभी होते, हातात विहिरी मोजायची टेप. पुढचं चाक पिठावरून गेलं. दोन्ही हात हँडलवर होते.

मी टेप दोनदा लावली. वेग चाळीस, माणसं दोन, तेरा मीटर साठ सेंटिमीटर.